फोमच्या विमानाचा कर्ता

फोम बोर्ड म्हणजे दोन कागदांच्या मध्ये चिकटवलेला पॉलिस्टायरिनचा हलका थर. जाडी बहुधा पाच मिलिमीटर. शाळेतले प्रकल्प, इमारतींच्या प्रतिकृती, समारंभातले फलक यांसाठी तो विकला जातो. कटर, पट्टी आणि ग्लू गन एवढ्या हत्यारांवर याच बोर्डातून मीटरभर पंखांचे विमान एका सुट्टीच्या दिवसात उभे राहते. त्यात बॅटरी, मोटर आणि रेडिओ रिसीव्हर बसवला, की जमिनीवर उभ्या माणसाने ट्रान्समीटरच्या दांड्या हलवाव्यात आणि विमानाने आकाशात वळावे. परभणी जिल्ह्यासारख्या सपाट, काळ्या जमिनीच्या मुलखात या खेळाला जागेची वाण नाही. हरभरा निघालेले किंवा पऱ्हाट्या उपटून मोकळे झालेले रान पुरते. उभ्या पऱ्हाट्यांत उतरवलेले विमान मात्र फाटूनच हाती येते.

या खेळात एक जुना प्रश्न दडलेला आहे. विमान उडते तेव्हा ते उडवतो कोण? ज्याच्या हातात दांड्या आहेत तो शंभर मीटर दूर, जमिनीवर आहे. मोटरला फिरण्यापलीकडे काही कळत नाही. वारा कोणाचाच नाही. आणि ज्याने बोर्ड कापला, तो कदाचित घरी झोपलेला आहे.

भारतीय परंपरेत हा कर्तृत्वाचा प्रश्न आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे मोजली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. देहाने, वाणीने वा मनाने घडणारे बरेवाईट प्रत्येक कर्म या पाचांच्या मेळातून होते. असे असताना जो एकट्या स्वतःला कर्ता समजतो त्याची समज कच्ची, असा तिथला निवाडा आहे. ही मोजणी सांख्यांची म्हणून गीता सांगते. शंकराचार्य मात्र तिथे सांख्य म्हणजे वेदान्तच असे मानतात. त्याच अध्यायात पुढे ईश्वर सर्व प्राण्यांना यंत्रावर चढवल्यासारखे फिरवतो, अशी उपमा येते. ते यंत्र कसले, तर लाकडी बाहुल्यांचे, असा शंकराचार्यांचा खुलासा आहे. रेडिओ-नियंत्रित विमान हे त्या बाहुलीचे दोरी तोडलेले रूप.

शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि ही पाच कारणे मराठीत आली. गोदावरीच्या काठाने खाली यावे तर परभणी जिल्ह्यात गंगाखेड लागते. हे जनाबाईचे गाव. दामाशेटींच्या घरी दासी म्हणून राबलेल्या जनाबाईच्या नावाने जी गाणी जात्यावर म्हटली गेली, त्यांत विठ्ठल तिच्यासोबत दळतो, शेणी वेचतो, पाणी भरतो. पहाटे जात्याशी बसलेल्या बाईला पाच कारणांची यादी पाठ असण्याचे कारण नव्हते. पण खुंट्यावर हात आपला असताना दळण कोणी दळले, हा प्रश्न तिला ठाऊक होता.

दळताना हात, जाते आणि दळणारी एकाच ठिकाणी असतात, त्यामुळे कारणे एकमेकांत मिसळून जातात आणि वाद नुसत्या शब्दांवर चालतो. फोमच्या विमानात ती सुटी होऊन मैदानभर पसरतात. देह वर, कर्ता खाली, मध्ये फक्त रेडिओलहरी. शास्त्रकारांना जे कल्पनेने वेगळे करावे लागले, ते इथे हाताने उचलून तपासता येते.

पहिले कारण अधिष्ठान. शंकराचार्य आणि ज्ञानेश्वर दोघांच्याही मते अधिष्ठान म्हणजे देह. विमानाचा देह फोमचा, आणि त्याची पहिली चिंता वजनाची. आपल्याकडच्या दुकानात 'सनबोर्ड' मागितला तर पीव्हीसीचा फोम हातात पडतो. तो दिसायला तसाच पांढरा आणि गुळगुळीत असतो, पण वजनाला कित्येक पट जड. अनेकांचे पहिले विमान या एका नावाच्या घोटाळ्यामुळे जमीन सोडत नाही. नुसता थर्माकोल हलका असतो, पण कापताना मणी सुटतात आणि वाकवला की कडकन मोडतो. कागद लावलेल्या फोममधल्या फोमला स्वतःचे बळ जवळजवळ नसते, कागदालाही नसते. बोर्ड वाकू लागला की एक कागद ताण घेतो, दुसरा दाब घेतो आणि फोम त्या दोघांना एकमेकांपासून दूर धरून ठेवतो. कणखरपणा या अंतरातून येतो. तिघांपैकी कोणाच्याही एकट्याच्या नावावर तो लिहिता येत नाही. म्हणजे कर्तृत्वाची वाटणी बोर्डाच्या पाच मिलिमीटरांतच सुरू झालेली असते.

बांधणीची रीत या कागदावरच उभी आहे. वरचा कागद आणि फोम कापायचा, खालचा कागद तसाच ठेवायचा, की तोच बिजागरी होतो. शेपटीचे आणि पंखांचे हलते भाग असेच बनतात. पंखाच्या आत बोर्डाच्याच पट्ट्यांचा कणा ठेवून वरचा पत्रा त्यावर दुमडला जातो. काही जण पतंगाच्या सवयीने बांबूची कामटी घालतात, आणि तीही चांगली टिकते. पोटाला पॅकिंग टेप, कारण उतरताना घासते ते पोट. या सगळ्यात निम्मा वेळ मापण्यात जातो. 'विमान' या शब्दाच्या मुळाशी मोजणे, आखणे असाच अर्थ आहे, आणि मंदिरशास्त्रात गाभारा व त्यावरची उभारणी यांनाही विमान म्हणतात. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याच्या यादवकालीन मंदिरांसमोर उभे राहिले तर हे नाव का दिले ते ध्यानात येते. तिथली विमाने कुठे जात नाहीत, पण मोजलेली नक्की आहेत.

मोजमापात सर्वांत नाजूक गोष्ट तोलाची. पंखाची रुंदी वीस सेंटिमीटर असेल तर विमानाचा तोल पुढच्या कडेपासून पाच-सहा सेंटिमीटर मागे पडावा लागतो. पंखाखाली दोन बोटे टेकवून तो पाहतात आणि बॅटरी पुढेमागे सरकवून साधतात. नाक थोडे जड झाले तर चालते. शेपूट जड झाले की हातातून सुटताच विमान तोंड वर करते, वेग हरवून बसते आणि कोसळते. मग दांड्या कितीही कौशल्याने हलवल्या तरी उपयोग नसतो. उडवणाऱ्याने हात लावण्याआधीच उड्डाणाचा बराच निकाल लागलेला असतो.

याची साक्ष १८७१ ची आहे. त्या वर्षी पॅरिसच्या त्विलरी बागेत आल्फाँस पेनो याने रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान सुमारे अकरा सेकंद उडवून दाखवले. त्याला हाकणारे कोणीही नव्हते. पंखांची टोके वर उचललेली आणि शेपूट थोडी खाली कललेली होती. एक बाजू झुकली किंवा नाक वरखाली झाले, की त्या ठेवणीमुळेच विमान आपोआप सरळ होई. गीतेच्या पाचव्या अध्यायात म्हटले आहे, की प्रभू कर्तृत्वही निर्माण करत नाही आणि कर्मेही नाही. चालतो तो स्वभाव. पेनोच्या खेळण्यात स्वभाव बांधून घातलेला होता. राइट बंधूंनी लहानपणी पेनोच्याच धर्तीचे, रबरावर उडणारे खेळणे हाताळले होते, पण १९०३ चे आपले विमान त्यांनी मुद्दाम उलटे, सारखे सावरावे लागणारे केले आणि तोल राखण्याचे काम वैमानिकाकडे सोपवले. आजही फोमच्या विमानांत हे दोन संप्रदाय आहेत. नवशिक्यासाठी पंखांची टोके वर उचललेले, हात सोडला तरी सावरणारे विमान. मुरलेल्यासाठी सरळ पंखांचे, सोडले तिकडे जाणारे. पहिल्यात कर्तृत्वाचा मोठा हिस्सा बांधणाऱ्याकडे जातो, दुसऱ्यात उडवणाऱ्याकडे. दोघे एकच व्यक्ती असले तरी हा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो.

करण म्हणजे साधन. शास्त्रात ती इंद्रिये आहेत, विमानात ती विकत मिळतात. साधारण सातशे ग्रॅमच्या विमानाला २२१२ मापाची ब्रशलेस मोटर चालते. या आकड्यातले २२ म्हणजे आतल्या गाभ्याचा व्यास आणि १२ म्हणजे उंची, मिलिमीटरमध्ये. मोटरवरचा 'केव्ही' हा आकडा वीजवाल्यांना फसवतो. तो किलोव्होल्ट नव्हे, दर व्होल्टला मिनिटाचे फेरे आहेत. हजार केव्हीची मोटर तीन सेलच्या ११.१ व्होल्ट लिपो बॅटरीवर मोकळी फिरली तर मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांच्या आसपास जाते. दहा इंची प्रॉपेलर लावला की हवेच्या ओझ्याने त्याहून कमी. मोटर बारा अँपिअर घेत असेल तर शक्ती सुमारे १३३ वॅट होते, म्हणजे किलोला १९०. किलोला दीडशे-दोनशे वॅट मिळाले तर असले विमान निवांत चढते. २२०० मिलिअँपिअर-तासाच्या बॅटरीतला ऐंशी टक्के भाग वापरायचा धरला, तर सरासरी दहा अँपिअरवर साडेदहा मिनिटे उड्डाण मिळते. मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा तीस अँपिअरचा ईएससी, पंख-शेपटीचे भाग हलवणारे दोन किंवा चार नऊ-ग्रॅमी सर्व्हो आणि रिसीव्हर ही बाकीची इंद्रिये. त्यांच्या तारा फोमच्या पोटात भरल्या की वरून काही दिसत नाही.

लिपोचा स्वभाव तापट. सेल ४.२ व्होल्टच्या वर चढू द्यायचा नाही, तीन व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही, ठेवून द्यायची असेल तर ३.८ च्या जवळ. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या घरात गेलेला असताना बंद गाडीच्या काचेमागे ही बॅटरी ठेवणे म्हणजे आगीला बोलावणे. फुगलेला पॅक उडवायचा नाही, कितीही हळहळ वाटली तरी.

साधनांची साखळी मागे नेली तर ती संपत नाही. बॅटरी घरच्या सॉकेटवर भरते. त्या तारेत कुठून कुठून वीज येते. शेजारच्या परळीच्या औष्णिक केंद्रातला कोळसाही त्यात असतो, पूर्णेवरच्या येलदरी धरणाचे पाणीही. पाच कारणांच्या यादीत ही साखळी नाही आणि तसा तिचा दावाही नाही. यादी मैदानावर उभी राहून मोजते.

मग विमान वर धरले कोणी? वैशेषिक दर्शनाने या प्रश्नाचा सर्वांत नेमका विचार केलेला आहे. प्रशस्तपादाच्या ग्रंथात गुरुत्व हा वस्तूचा एक गुण आहे आणि पडणे हे त्याचे कार्य. ते कार्य तीन गोष्टी अडवतात : संयोग, प्रयत्न आणि संस्कार. देठाला धरून राहिलेले फळ संयोगाने पडत नाही. आकाशातला पक्षी प्रयत्नाने पडत नाही. सुटलेला बाण वेग नावाच्या संस्काराने पडत नाही, आणि तो वेग सरला की पडतो. फोमचे विमान यांतले कोणते? मोटर बंद केली तरी ते लगेच दगडासारखे खाली येत नाही, तरंगत उतरते. म्हणजे काही काळ ते बाणाच्या जातीचे असते. दांड्या हलवणारा प्रयत्न करतो, पण त्याचा देह जमिनीवर आहे. पक्ष्याचा प्रयत्न पक्ष्याच्या अंगात असतो. राहिला संयोग, आणि खरे काम तिथेच होते. पंख किंचित वर तोंड करून हवेत घुसतो, हवेला खाली ढकलतो, आणि हवा त्याला वर ढकलते. पंखावरची हवा लांबचा रस्ता कापते म्हणून वेगाने जाते, हे शाळेत सांगितले जाणारे कारण फोमच्या विमानापुढे टिकत नाही. नुसत्या सपाट बोर्डाचा, वरखाली सारखाच पंख लावलेली विमानेही झकास उडतात. मात्र हा संयोग फळ-देठासारखा स्थिर नाही. तो वेगावर जगतो, वेग मोटरच्या जिवावर असतो आणि मोटर दांडीवरच्या अंगठ्याच्या. वैशेषिकांनी वेगवेगळे मोजलेले तिन्ही अडसर इथे एकमेकांना धरून उभे आहेत. सातशे ग्रॅमचे, वीस चौरस डेसिमीटर पंखाचे विमान ताशी सत्तावीस किलोमीटरच्या खाली आले की हा मेळ मोडतो आणि गुरुत्वाला आपले कार्य करायला मोकळीक मिळते.

हवेच्या वाट्याचे बोलायचे तर जैन दर्शनाकडे वळावे लागते. तिथे धर्म नावाचे द्रव्य पुण्याशी संबंधित नाही. धर्म म्हणजे गतीला साहाय्य करणारे माध्यम. मासा पोहतो तेव्हा पाणी जसे त्याला ढकलत नाही पण त्याच्याशिवाय पोहणे होत नाही, तसे. अधर्म हे स्थितीला साहाय्य करणारे, वाटसरूला थांबायला सावली मिळावी तसे. दोन्ही द्रव्ये स्वतः काही करत नाहीत. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या जैन लेण्यांत अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणून पूजली जाणारी भव्य मूर्ती आहे. एवढा भार जेमतेम टेकलेला दिसतो, आणि भाविकांना त्यात अधर राहण्याचा चमत्कार दिसतो. मूर्तीपुढे हात जोडणाऱ्याला जे आश्चर्य वाटते ते स्थितीचे आहे. विमान पाहणाऱ्याचे आश्चर्य गतीचे. जैन परिभाषेत ही दोन आश्चर्ये दोन वेगळ्या द्रव्यांच्या खाती जातात, हे त्या परिभाषेचे मोठेच वैशिष्ट्य. अर्थात प्रत्यक्ष हवा ही धर्मद्रव्य नव्हे. ती जड पुद्गल आहे, ती ढकलते आणि विरोधही करते. म्हणून विमानाच्या बाबतीत माशाची उपमा अर्धीच लागू पडते.

चेष्टा म्हणजे व्यापार, निरनिराळ्या हालचाली. ज्ञानेश्वरीत ही जागा प्राण-अपानादी वायूंना आहे. विमानात एलेव्हेटर नाक वरखाली करतो, रडर ते डावी-उजवीकडे वळवतो, एलेरॉन अंग कलवतात, थ्रॉटल वेग देतो. प्रत्येक दांडी ढकलली की कोणता पत्रा कुठे जातो, हे उडवण्यापूर्वी जमिनीवरच तपासायचे असते. एका सर्व्होची दिशा उलटी राहिली की वर म्हटल्यावर विमान खाली जाते, आणि ही चूक कळायला मिळतात दोन सेकंद.

खरी अडचण पुढची आहे. विमान दूर जात असते तेव्हा दांडी उजवीकडे ढकलली की ते उडवणाऱ्याच्या उजवीकडे जाते. ते वळून समोरून येऊ लागले की तीच दांडी त्याला डावीकडे नेते. यंत्राने काही बदललेले नसते. विमानाची उजवी बाजू विमानाचीच आहे. गोंधळ होतो तो उडवणाऱ्याच्या मनात, कारण तो विमानाकडे आपल्या डोळ्यांनी बघत असतो. नवशिक्याची बहुतेक विमाने परत येतानाच पडतात. यावर शिकवणारे एक तोड सांगतात : ज्या बाजूचा पंख खाली गेला असेल, त्या बाजूला दांडी ढकल, जणू पंखाखाली टेकू देतोस. ही तोड कामाची आहे, पण तात्पुरती. पुढे केव्हातरी उडवणारा स्वतः विमानात जाऊन बसतो. त्याचे पाय ढेकळांवर असतात, पण डावे-उजवे विमानाचे असते. तसे झाल्यावर त्याला विचारले तर तो 'विमान वळवले' म्हणत नाही, 'वळलो' म्हणतो.

वेदान्तात याला अध्यास म्हणतात. एकाचे धर्म दुसऱ्यावर लादणे. आत्म्यावर देहाचे धर्म लादले की मी जाड, मी काळा अशी भाषा येते, आणि सगळ्या दुःखाचे मूळ तिथे सांगितलेले आहे. विमान उडवणे म्हणजे हाच अध्यास मुद्दाम शिकणे. अध्यास जमला नाही तर उडवता येत नाही, आणि तो सुटला नाही तर विमान आपटले की माणसाच्या तोंडून 'मेलो' निघते. गमतीचे सोडले तर यात शास्त्राला एक पुस्ती जोडण्यासारखी आहे : अध्यास ही नुसती चूक नाही, ते एक कौशल्यही असू शकते. सरावाने ते येते, आणि ट्रान्समीटर बंद केला की ते खाली ठेवता येते. देहाबाबत इतक्या सहजपणे खाली ठेवता येत नाही, हा काय तो फरक.

कर्त्याची जागा आता अरुंद झाली. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने रेडिओवर चालणारी छोटी बोट दाखवली. पुढे लिहिताना त्याने या यंत्राकडे उसने मन असल्याचे म्हटले. चालवणाऱ्याचे ज्ञान आणि निर्णय त्यात दुरून उतरतात, आणि एक दिवस असे यंत्र स्वतःचे मन घेऊन येईल, अशी त्याची कल्पना होती. फोमच्या विमानांत त्याची सुरुवात झालेली आहे. काही ग्रॅमचा जायरो बसवला की वाऱ्याचा झोका आल्यावर माणसाच्या अंगठ्याआधी तोच सर्व्हो हलवतो. विमान स्थिर दिसते आणि उडवणारा खूश होतो, पण दांड्या तर त्याने हलवलेल्याच नसतात.

परभणीला हा प्रश्न खेळापुरता राहिलेला नाही. १९७२ साली स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठात, आताच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात, राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पाखाली यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित वाहने शेतीत आणण्याचे केंद्र चालले. फवारणीचा ड्रोन आखून दिलेल्या रेषांवर आपण होऊन जातो. माणूस बटण दाबून उभा असतो. फवारा शेजारच्याच्या पिकावर गेला तर भांडण कोणाशी करायचे? २०२१ च्या ड्रोन नियमांनी याचे उत्तर आपल्या परीने दिले : यंत्राची नोंद, चालवणाऱ्याचा परवाना (२०२२ पासून प्रमाणपत्र), हिरव्या पट्ट्यात चारशे फुटांची मर्यादा. शिक्षण, संशोधन वा करमणुकीसाठी दृष्टीच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या पंचवीस किलोपर्यंतच्या मॉडेलची व्याख्या त्यांत वेगळी केलेली आहे. कायद्याला पाच कारणे परवडत नाहीत. त्याला एक माणूस लागतो, ज्याच्या नावाने कागद निघेल. गीतेचा कर्ता आणि कायद्याचा कर्ता इथे वेगळे होतात, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. कायदा विचारतो, जबाबदार कोण. गीता विचारते, घडले कसे. एकाचे उत्तर दुसऱ्याला दिले की घोटाळा होतो.

पाचवे कारण दैव. या शब्दाचा अर्थ लावताना भाष्यकारांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना आहेत. शंकराचार्यांच्या मते इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता, डोळ्यांसाठी सूर्य वगैरे. ज्ञानेश्वरांचाही कल तोच. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये छापून आलेल्या 'गीतारहस्या'त रोख बदलतो. माणसाच्या प्रयत्नाबाहेर सृष्टीचे जे व्यापार चालू असतात त्यांच्याकडे तो वळतो. मैदानावर टिळकांचा अर्थ चटकन पटतो. मेच्या दुपारी परभणीची तापलेली हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा बारा-तेरा टक्क्यांनी विरळ असते. तेच विमान, तेच वजन, पण ज्या वेगाखाली ते पडते तो वेग सहा-सात टक्क्यांनी वाढलेला असतो, आणि उतरताना ते नेहमीपेक्षा जोरात येते. काळ्या रानावरून उठणारे गरम झोत त्याला मध्येच वर उचलतात, पुढच्या क्षणी सोडून देतात. हिवाळ्याची पहाट याच्या उलट : हवा दाट आणि निपचित, दव वाळण्याआधीचा तासभर. जाणते लोक तीच वेळ गाठतात. दैव टाळता येत नसले तरी त्याचे वेळापत्रक बरेचसे ठाऊक असते, हे कोरडवाहू शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे इथले लोक मिरवतात. या विषयात जर्मनीचे नाव निघते ते ओट्टो लिलिएनथालमुळे. १८९१ पासून त्याने स्वतः बांधलेल्या पंखांवर टेकडीवरून शेकडो उड्या घेतल्या, प्रत्येक पंखाची मापे टिपली. ऑगस्ट १८९६ मध्ये हवेत त्याचा पंख अचानक थांबल्यासारखा झाला, तो पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. झोत आला हे खरे. पण तोल सावरायला त्याच्याकडे फक्त आपले लोंबते शरीर होते, हेही खरे. दैव आणि करण यांची सीमा त्याच्या त्या एका पडण्यात कुठे ओढायची, यावर पुढच्या विमानविद्येची बरीच उभारणी झाली. राइट बंधूंनी ती करणाच्या बाजूला ओढली आणि पंखालाच पीळ देण्याची सोय केली.

विमान पडल्यावर मैदानात जे बोलले जाते, त्यात या पाच कारणांची खरी परीक्षा आहे. चांगले उडाले तर 'मी उडवले'. आपटले तर 'वारा आला', 'सिग्नल तुटला', 'बॅटरीने दगा दिला'. यशाला एक कारण आणि अपयशाला चार. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण याच जमाखर्चावर बेतलेली आहे. गीतेची मोजणी हा खर्च दोन्ही बाजूंनी सारखा मांडायला लावते. वारा पडण्यात असेल तर उडण्यातही होता. ज्या सकाळी विमान अलगद उतरले, त्या सकाळी निपचित हवेने निम्मे काम केले होते आणि ते कोणी लिहून ठेवले नाही. पाच कारणांची यादी जबाबदारीतून सुटण्याची पळवाट म्हणून वापरली जाते ती फक्त पडल्यावर. उडताना तीच यादी काढली, तर ती अहंकाराला आवर घालते. दोन्ही वेळा न वापरता फक्त एका वेळी वापरणे, हा तिचा गैरवापर.

कारण शोधण्याची रीत नैयायिकांनी देऊन ठेवली आहे : अन्वय आणि व्यतिरेक. ते असताना हे होते, ते नसताना हे होत नाही. अवशेष गोळा केल्यावर पहिल्यांदा बॅटरीचा व्होल्टेज मोजतात, मग रिसीव्हर चालू करून एकेक सर्व्हो हलवून पाहतात, मग तुटलेल्या तुकड्यांवरून तोल कुठे होता याचा अंदाज घेतात. ट्रान्समीटरचा संपर्क तुटल्यावर मोटर बंद व्हावी अशी सोय रिसीव्हरमध्ये असते. ती आधी लावून ठेवली होती का, हेही पाहतात. एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा उडवले तर व्यतिरेक सिद्ध होतो. एकदम चार गोष्टी बदलणाऱ्याचे विमान उडते, पण कशामुळे ते त्याला कळत नाही. बहुतेक वेळा दोष वाऱ्याकडे निघत नाही. निघतो तो अर्धवट भरलेल्या बॅटरीत, सैल झालेल्या सर्व्होच्या स्क्रूत किंवा घाईत न तपासलेल्या एलेरॉनमध्ये.

जनाबाईच्या दळणात एक गोष्ट या सगळ्याच्या पलीकडची आहे. विठ्ठल दळू लागला म्हणून तिने खुंटा सोडला, असे त्या परंपरेत कुठे नाही. दोघे दळतात. कर्तृत्व वाटले गेले, पण हात थांबला नाही आणि दाणे कमी पडले नाहीत. अद्वैतातला अकर्ता साक्षी होऊन बाजूला होतो. जनाबाईचा अकर्तेपणा कामाच्या मध्यभागी, घामासकट आहे. दांड्या धरलेला माणूस कर्ता एकटा नाही हे जाणून असेल आणि तरी नजर विमानावरून हलू देणार नसेल, तर तो दुसऱ्या प्रकारात मोडतो. साक्षीभावाने उडवलेले विमान काही वेळाने बाभळीत सापडते.

फोमचे विमान दुरुस्त करणे स्वस्तात होते. मोडलेल्या नाकाच्या कडा जुळवून गरम गोंद सोडायचा, आतून कामटी द्यायची, वरून टेप. सर्व्हो, मोटर आणि रिसीव्हर बहुधा वाचलेले असतात, ते नव्या देहात जातात. कागदावरचा जुना आराखडा पुन्हा बोर्डावर ठेवून पेन्सिलने गिरवला की दुसरा पंख तासाभरात तयार होतो, आणि दव वाळण्याआधी मैदानात पोहोचायचे असेल तर बॅटरी आदल्या रात्रीच भरून ठेवावी लागते.